धाकट्या जावेचा रविवारचा क्लास

माझं न ऐकणारा कुत्रा अजून जन्माला यायचाय. हे मी ऑफिसातल्या निरोप समारंभात माईक हातात घेऊन सगळ्यांसमोर सांगितलं. "राजीनामा दिलाय! उद्यापासून छंद हाच धंदा!" टाळ्या पडल्या. तेवढ्यात आमचा साहेब टेबलावर चढला. साहेब म्हणजे आमचा कुत्रा, ऑफिसातला नव्हे.

"साहेब, खाली!"

त्याने माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे केक संपवला. गर्दीत बुजतो तो.

घरी येऊन फाटकाला पाटी लावली, 'कुत्र्यांना शिस्त लावून मिळेल.' लोक पाटी वाचायचे आणि सरळ जिना चढून वर जायचे. वर माझी धाकटी जाऊ राहते. तिला कुत्र्यांतलं काय कळतं हो? लग्न होऊन आली तेव्हा साहेबाला बघून खुर्चीवर चढली होती. जे काय शिकली ते माझ्या शेजारी उभी राहून. आणि आता मैदानात दर रविवारी हिचा क्लास! आवाज तर असा, की शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये. नुसतं "बस" पुटपुटते, की सगळे कुत्रे खाली. त्यात आमचा साहेबही. फुकट्या मेला.

"अगं, तीही घरचीच ना?" आमचे हे म्हणाले.

"तुम्ही बोलूच नका. तुम्हीसुद्धा तिने एकदा म्हटलं की बसता."

त्यात दातांच्या डॉक्टरीणबाईंना त्यांच्या 'बाळा'साठी कायमची शिक्षिका हवी होती. बाळ म्हणजे वासराएवढा कुत्रा. शिवाय बाईंच्या एकूण एक मैत्रिणींकडे कुत्रे. बाई ज्या दारात जाणार, त्याच दारात पुढची सगळी रांग. हे काम मिळालं तर माझा धंदा उभा, नाहीतर परत ऑफिसात जाऊन त्याच लोकांना तोंड दाखवायचं.

"रविवारी तुमच्या जावेचा क्लास बघते, मग ठरवते," बाई म्हणाल्या.

रविवारी मी कोटाचे दोन्ही खिसे उकडलेल्या कलेजीने भरले आणि सहज फिरायला आल्यासारखी मैदानातल्या तळ्यापाशी जाऊन उभी राहिले. वारा माझ्याकडून क्लासकडे. हिचे कुत्रे हिला सोडून माझ्याकडे धावणार, बाई ते बघणार, विषय मिटला.

एकेक नाक वर झालं. बाळ उठला. साहेब उठला. मला गुदगुल्या झाल्या.

"ताई," जाऊ म्हणाली, "खिशात काय आणलंत?"

"कुठे काय? रुमाल आहे."

"मग रुमालाला छान वास येतोय. हलू नका हं, तिथेच थांबा." आणि कुत्रे घेऊन आलेल्या बायकांकडे वळून, "समोर खाऊ दिसला तरी जागचं उठायचं नाही, हा धडा कधीचा राहिला होता. ताईंनी आपणहून सोय केली बघा!"

म्हणजे मी खाऊ. एकेका कुत्र्याला माझ्यासमोर आणून बसवलं. लाळ गळतेय, कान थरथरतायत, पण एक उठेल तर शपथ. डॉक्टरीणबाई माझ्या मागे, अगदी तळ्याच्या काठावर येऊन उभ्या राहिल्या. "बघा हो माझं बाळ! ठरलं आता. क्लास इथेच." मग जावेला विचारलं, मला नाही, "या दर रविवारी येतील ना अशा?"

"विचारते ना. नुसतं उभं राहायचंय, पण त्याचेही देऊ काहीतरी ताईंना," जाऊ म्हणाली. तेही प्रेमाने.

ते प्रेमच झोंबलं. छंदाचा धंदा झाला, पण खुंटीसारखं उभं राहायचा! अंगाचा नुसता तिळपापड झाला. या कुत्र्यांनी माझा एक तरी हुकूम पाळायलाच हवा होता, बाईंच्या देखत. 'बस' म्हणून उपयोग नव्हता, बसलेलेच होते. 'थांब' म्हणावं तर थांबलेलेही होते. आमच्या कामात मग उरतो एकच हुकूम, धडा संपल्यावर द्यायचा.

मी छाती भरून श्वास घेतला. "मोकळे!"

सगळ्यांनी एकदम ऐकलं. माझ्या कोटाचे दोन्ही खिसे गेले, डावी बाही गेली, आणि डॉक्टरीणबाईंना मैदानाच्या माळ्याने तळ्यातून बाहेर काढलं.