कानातला विलाप

बिश्केकच्या दोर्दोय बाजारात समाराचं दुकान म्हणजे एका कंटेनरचं तोंड. मागे माल, पुढे समारा आणि तिच्यापुढे बराच वेळ उभी असलेली बेगाइम. कानात घालायची बोंडं तिने किती हातात घेतली आणि किती परत ठेवली याला सुमार नव्हता.

"अगं बाई, नवरा निवडताना तरी एवढा वेळ लावला होतास का?" समारा म्हणाली.

"नव्हता लावला, एजे. म्हणून तर सोडावा लागला."

समारा खळखळून हसली आणि तिथून दोघींचं जमलं. समारा वयाने मोठी, म्हणून एजे, म्हणजे ताई. एजे म्हटलं की भाव दोन पैशांनी उतरतो, हे बाजारात सगळ्यांनाच माहीत असतं, समारालाही.

"हे घे. ढोल असा वाजतो की काळीज हलतं."

"काळीज हललेलंच आहे. मला शब्द स्पष्ट ऐकू यायला हवेत. बाईचा आवाज आहे, म्हातारीचा."

"म्हातारीची गाणी? तुझ्या वयात?"

"गाणीच म्हणा," बेगाइम म्हणाली. "आणि बाहेर अजिबात ऐकू येता कामा नये. शेजारी बसलेल्यालासुद्धा."

समाराने डोळे बारीक केले. "कुणीतरी आहे वाटतं."

"कुणी नाही हो."

"सगळ्या असंच म्हणतात."

पण समारा धंद्याला पक्की होती. थट्टा बाजूला ठेवून तिने चौकशी केली, काम काय, कुठे घालणार. बेगाइम शिवणकारखान्यात ओव्हरलॉक मशीनवर बसायची. तिथे वायरला बंदी होती. मागे एकीची वायर मशीनने ओढून घेतली आणि बाईचा कान थोडक्यात वाचला. म्हणजे बिनवायरचंच हवं. मग समाराने एकेक डबी बाजूला सारली. "हे नको, हे नुसत्या स्पर्शाने चालतं. तू डोक्याला रुमाल बांधतेस, रुमाल घासला की गाणं बदलेल. बटणाचं घे, दाबल्याशिवाय ढिम्म हलत नाही. याची जाळी निघते, कापडाचे तंतू अडकले तर जुन्या ब्रशने झटकून टाक. रबरी टोप्या लहान लाव, कान गच्च बंद होतो, आवाज आतल्या आत राहतो. आणि एकच घातलं तरी चालतं. दुसरा कान मुकादमीणबाईसाठी मोकळा ठेव."

शेवटी दोन डब्या उरल्या. एक स्वस्त, एक जरा चढी.

"आता तूच सांग," समारा म्हणाली. "ही हंगामभर चालेल, मग बॅटरी मान टाकेल. ही दोन वर्षं कुठे जात नाही. तुला किती दिवस लागणार आहेत?"

साधा प्रश्न. कुठलाही दुकानदार विचारतो. बेगाइमसाठी मात्र तो साधा नव्हता. वडिलांना तपासून डॉक्टर म्हणाले होते की पानगळीपर्यंत काढतील, पुढचं देवाच्या हाती. आणि हे सामान ती त्यांच्या मरणासाठीच घेत होती. स्वस्तातली डबी उचलणं म्हणजे डॉक्टरचं म्हणणं मान्य करणं. तिची ऐपत हंगामभराच्या डबीची होती. तिने चढी डबी उचलली.

"दोन वर्षांचीच द्या. दोन तरी."

"डोळे का भरले गं?"

"धूळ आहे."

धूळ तर दोर्दोयमध्ये असतेच. समाराने आणखी विचारलं नाही, भाव मात्र आपण होऊन उतरवला.

आता हे सगळं कशासाठी? माणूस गेला की अंगणात तंबू उभारतात, त्यात पडद्याआड त्याला ठेवतात आणि घरच्या बायका दाराकडे पाठ, भिंतीकडे तोंड करून बसतात. फाटकातून नवं माणूस रडत आलं की बायकांनी आतून कोशोक म्हणायचा. नुसतं रडणं म्हणजे कोशोक नव्हे. गेलेल्याचं आयुष्य चरणाचरणाने, सुरात, सगळ्यांच्या कानी घालायचं असतं. ज्याच्यासाठी लेकीने कोशोक म्हटला नाही तो माणूस मुकाट्याने गेला, असं लोक म्हणतात आणि दोन पिढ्या म्हणत राहतात. बेगाइमला कोशोक येत नव्हता. आई ती सहा वर्षांची असताना गेली, शिकवणार कोण? पुढे शहर, मशीन, आणि कानावर पडायची ती बाजारू गाणी.

मागच्या वर्षी चुलते वारले तेव्हा ती तंबूत गप्प बसून राहिली. झुउरा आत्याने नंतर तिला चांगलंच फैलावर घेतलं.

"लाकडी चमच्यासारखी बसलीस! उद्या तुझ्या बापावर वेळ आली तर काय करशील? बहिणीचं रडणं मी रडेन. लेकीचं रडणं भाड्याने मिळत नाही, पोरी."

"मग शिकवा ना, आत्या."

"तोंडाने कशी शिकवू? घरात तो आजारी पडलाय. जिवंत माणसाचा कोशोक वाऱ्यावर गेला तर मरण वाट पुसत दारात येतं."

पण आत्या हुशार. तिने मेंढ्यांच्या गोठ्यात जाऊन, दार लावून, फोनवर कोशोक म्हणून ठेवले. पन्नास वर्षांपूर्वी आपल्या वडिलांसाठी म्हटलेला, आईसाठी म्हटलेला, नवऱ्यासाठी म्हटलेला. मधे मधे मेंढ्या ओरडायच्या. ते सगळं बेगाइमकडे पाठवताना तिने बजावलं, "फक्त कानात. बाहेर एक शब्द सांडायचा नाही, आणि त्याच्यासमोर तर मुळीच नाही."

उन्हाळाभर बेगाइम मशीनवर बसून बाह्या जोडत राहिली आणि डाव्या कानात आत्या रडत राहिली. बोंडं खरंच चांगली निघाली. घाम, कापडाचे तंतू, दोनदा जमिनीवर आपटणं, सगळं त्यांनी सोसलं. हळूहळू चाल तिच्या अंगात उतरली. कुठे श्वास घ्यायचा, कुठे शब्द लांबवायचा, कुठे आवाज फुटू द्यायचा, हे हातांना शिवण कळावी तसं कळायला लागलं. मग एक दिवस शर्टाची कॉलर फिरवता फिरवता तिला आपले स्वतःचे चार चरण सुचले. आजोबांचे नाहीत, कुणाचेच नाहीत, फक्त बाबांचे. तिने ते ओठ मिटून मनातल्या मनात म्हटले. मुकादमीणबाईने विचारलं, "दात दुखतोय का गं?"

दर शनिवारी संध्याकाळी ती मिनीबसने गावी, कोचकोरला जायची आणि रविवारी परतायची. बाबा, शारशेन, खिडकीजवळ गादीवर पडून असायचे. आयुष्यभर सरकारी घोड्यांचे कळप राखलेला माणूस, आता कूस बदलायलाही आत्याची मदत लागायची. पण जीभ शाबूत होती.

पानं पिवळी व्हायला लागली होती त्या रविवारी आत्या शेजारी गेली होती. बाबा झोपले होते. बेगाइम चुलीपाशी बोर्सोक तळायला कणीक मळत होती, कोपरापर्यंत पिठात. एक बोंड कानात, फोन एप्रनच्या खिशात. आदल्या दिवशी बसमध्ये वाटभर ऐकलं होतं आणि रात्री डबी चार्जिंगला लावायची ती विसरली होती. कानात बीप वाजलं. बोंड बंद पडलं, पण फोन थोडाच बंद पडतो? खिशातून मेंढी ओरडली आणि पाठोपाठ आत्याचा आवाज खोलीभर पसरला.

*काळ्या घोड्याचा स्वार माझा
खिंडीपल्याड गेला गं...*

बेगाइमने फोन ओढून काढला. पिठाळलेली बोटं, काच काही ऐकेना. ती दाबत होती, पुसत होती, आणि आत्या रडतच होती. शेवटी तिने फोन उशीखाली खुपसला आणि उशीवर बसली.

"झुउरा रडतेय," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे सताड उघडे होते. "कोण गेलं?"

"कुणी नाही, बाबा."

"कुणी नाही, आणि रडतेय?"

बेगाइमला खोटं कधीच धड बोलता आलं नाही. ती पिठाळलेले हात एप्रनला पुसत राहिली आणि त्यावरून म्हाताऱ्याला सगळं कळलं.

"अच्छा," ते म्हणाले. "म्हणजे माझी तालीम चाललीय."

"बाबा, मला माफ करा. तुमच्या कानावर पडायला नको होतं. मी—"

"माफी कसली? लग्नाचे कपडे लग्नाआधीच शिवतात ना? तू तर शिवणारीच बाई. पण काळा घोडा आमच्या बाबांचा होता. माझा करडा. चुकू नकोस तिथे."

ती रडायला लागली. बाबांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "झुउराचं ऐकलं. आता तुझं ऐकव."

"जिवंत माणसासाठी म्हणत नाहीत, बाबा."

"आणि मेल्यावर? तिथे मिळतात का ती कानात घालायची बोंडं?"

तिला हसूही आलं. पण बाबा हसत नव्हते. छताकडे बघत ते हळूहळू बोलायला लागले.

"पोरी, मला मरायची भीती नाही. एकच गोष्ट झोपू देत नाही. तू भिंतीकडे तोंड करून बसशील, फाटकातून माणसं येतील, आणि तुला माझ्याबद्दल म्हणायला काही सापडणार नाही. काय आहे माझ्यात? कुठली लढाई मारली नाही. हजार घोडे राखले, त्यातला एक माझा नव्हता. तुझ्या आईला वाचवता आलं नाही. तुला नीट शिकवता आलं नाही. लोकांसमोर तुझी फजिती होईल माझ्यापायी."

बेगाइमच्या जिभेवर ते चार चरण आले होते. अगदी ओठांपर्यंत. आई गेल्यावर बाबा तिची वेणी घालायचे. दुसरी कुठली वेणी त्यांना येत नव्हती, म्हणून चाबकाची वादी विणतात तशी घालायचे, घट्ट, आठ पदरी. शाळेत पोरी हसायच्या, 'शारशेनची घोडी आली' म्हणायच्या. पण ती वेणी आठवडाभर सुटायची नाही, कशानेही. तिचा कोशोक तोच होता. म्हणायला कितीसा वेळ लागला असता?

पण आत्याचं बोलणं तिच्या मनात घट्ट बसलं होतं. आपण तोंडाने म्हटलं आणि उद्या हे गेले तर? आपणच मरणाला वाट दाखवली असं होईल. तिला वाटलं, शब्द पोटात ठेवले तर बाबाही घरात राहतील. वेडी आशा. पण त्या घरात, त्या क्षणी, आपल्यापैकी कुणीही हेच केलं असतं.

"शब्द आहेत, बाबा. पुष्कळ आहेत. तुम्ही काळजी करू नका."

"मग म्हण की."

"पुढच्या रविवारी."

म्हाताऱ्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिने थाप मारली असं त्यांना वाटलं असावं. शब्द नाहीतच, पोरगी बापाचं मन राखतेय. "बरं, पुढच्या रविवारी," ते म्हणाले. "तुझ्यावरून जीव ओवाळून टाकतो गं माझा. जा, कणीक वाळेल."

मरणाला वायदे कळत नाहीत. शारशेन गुरुवारी पहाटे गेले.

अंगणात तंबू उभा राहिला. डाव्या बाजूला, पडद्याआड, बाबांना ठेवलं. बेगाइम काळा रुमाल बांधून भिंतीकडे तोंड करून बसली, शेजारी आत्या. फाटकापासून पुरुषांचा रडका पुकारा ऐकू आला, "अरे माझ्या भावा, माझ्या आधारा!" आत्याने कोपराने ढोसलं. आणि बेगाइमचा आवाज फुटला.

फुटला म्हणजे काय, बांध फुटावा तसा. करडा घोडा आला, खिंडी आल्या, कुणाच्या ना कुणाच्या मालकीचे हजार घोडे आले. मग ती वेणीवर आली.

*चाबूक विणणाऱ्या हातांनी
वेणी माझी घातली गं,
आठवडाभर सुटली नाही
गाठ अशी मारली गं...*

तंबूत बसलेल्या बायका आपलं रडणं विसरून तिच्याकडे बघायला लागल्या. झुउरा आत्याने तोंडात रुमालाचं टोक कोंबलं. तिला वेणीचं ठाऊक होतं. एवढ्या वर्षांत तीही त्या वेणीला हसली होती. सगळे नवे येणारे फाटकापाशी थांबून ऐकत होते. मागच्या वर्षी ती गप्प बसली म्हणून नावं ठेवणाऱ्या बायकाही आज डोळे पुसत होत्या. लेकीने बापाची लाज राखली होती. त्याची लाज राखायची कधी गरज नव्हती, हे तिला एकटीला माहीत होतं.

बाबांबरोबर कळप राखलेला एक म्हातारा काठीवर रेलून तंबूच्या कापडाबाहेर उभा होता. तो मोठ्याने म्हणाला, "भाग्यवान रे शारशेन. लेकीने सोनं केलं तुझं. ऐकत असशील ना?"

बेगाइम थांबली. चरणाच्या मधे थांबायचं नसतं. आत्याने पुन्हा ढोसलं. बेगाइमने भिंतीकडचं तोंड वळवलं, तेही करायचं नसतं, आणि पडद्याकडे बघत, त्याच सुरात, कारण दुसरा सूर तिच्या गळ्यात उरलाच नव्हता, ती म्हणाली,

"नाही ऐकत. ऐकव म्हणाले होते. मी नाही म्हटलं, बाबा, मी नाही म्हटलं."

बायकांना वाटलं तो कोशोकचाच पुढचा चरण आहे. सगळ्यांनी मिळून हंबरडा फोडला.