व्हर्नेटाच्या खुर्चीत

हे १९८७ सालचं. क्लीव्हलंडला त्या वर्षी थंडी लवकर आली आणि नोव्हेंबरातच क्लोटील हाऊस गरम ठेवणारा बॉयलर बंद पडला.

क्लोटील ही व्हर्नेटा टॉलिव्हरची धाकटी बहीण. सिकलसेलनं, रक्ताच्या त्या आजारानं गेली. शेवटच्या दुखण्यात हॉस्पिटलच्या बाकावर तिला नुसतं बसवून ठेवलं होतं. आमची काळी पोरं वेदनेनं कळवळायला लागली की तिथल्या लोकांना वाटायचं, नशेचं औषध उकळायला आलीत. बहिणीला पुरून आल्यावर व्हर्नेटानं नर्सची नोकरी सोडली आणि ग्लेनव्हिलमधलं, आमच्याच वस्तीतलं एक जुनं घर घेऊन सिकलसेलच्या माणसांसाठी उघडलं. दुखणं उठलं की तिथे यायचं. ऊबदार खोली, गरम पाण्याच्या पिशव्या, आणि हॉस्पिटलात जावंच लागलं तर तुमच्या बाजूनं भांडणारं एक माणूस. मी तिथे स्वयंपाक करायचे. माझी लेक जोनेल, तिलाही हाच आजार, महिन्यातले निम्मे दिवस वरच्या मजल्यावर असायची.

या आजाराला गारठा म्हणजे आयतं आमंत्रण. बॉयलरवाल्यानं खाली उतरून पाहिलं आणि टोपी काढली, मयताला आल्यासारखी. "हा गेलाय," म्हणाला. "नवा बसवा." चर्चनं तळलेल्या माशांची जेवणं विकून आम्हाला विजेच्या शेगड्या घेऊन दिल्या. त्या दोन लावल्या की फ्यूज उडून घरभर अंधार व्हायचा. शहराच्या कचेरीतून माणूस येऊन सांगून गेला, घर असंच गार राहिलं तर कुलूप घालू.

नव्या बॉयलरला पैसा देऊ शकेल असं एकच दार होतं, संस्थांना देणग्या देणारा लेकफील्ड निधी, आणि ते आमच्या तोंडावर आधीच बंद झालेलं. वसंतात त्यांच्या मिसेस व्हिटकोम येऊन गेल्या होत्या. त्यांनी व्हर्नेटाला विचारलं, "पाच वर्षांनी ही संस्था कुठे असेल?" व्हर्नेटा सरळ म्हणाली, "खरं सांगू? माहीत नाही. शिकतेय अजून." मग नकार आला. काम स्तुत्य आहे, पण नेतृत्व अजून तयार झालेलं नाही. नदीपलीकडच्या एका गोऱ्या संस्थेला मात्र त्यांनी त्याच वर्षी दिलं. तिथल्या लोकांनी सिकलसेलचा एकही माणूस पाहिला नव्हता.

आमची गाडी चालवायचा डग हॅनरटी. शहराच्या पश्चिमेकडचा आयरिश, सुतारकामाचा निवृत्त मास्तर. त्याचा एक आवडता विद्यार्थी याच आजारानं गेला होता, म्हणून फुकट काम करायला आला. घरात गोरा तो एकटाच. एक दिवस फोन वाजला तेव्हा आम्ही सगळ्या वर पांघरुणं नेत होतो, म्हणून त्यानं उचलला. बराच वेळ बोलत होता. स्वयंपाकघरात आला तेव्हा कानापर्यंत लाल झाला होता.

"मिसेस व्हिटकोम होत्या. गुरुवारी येतायत."

"कशाला? पुन्हा नाही म्हणायला?" मी विचारलं.

"माझा आवाज ऐकून त्यांना वाटलं, मी नवा संचालक आहे. म्हणाल्या, बदल केलात ते बरं केलंत."

व्हर्नेटा पिशवीत गरम पाणी भरत होती. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हणालो, अहो, मी फक्त गाडी चालवतो. तर हसल्या. म्हणाल्या, किती विनम्र आहात!"

आमच्या चर्चचे डीकन गेदर टेबलाशी ओव्हरकोट घालून मक्याचा ब्रेड खात होते. ते संस्थेचे अध्यक्ष, आणि आमच्यात सगळ्यात म्हातारे. त्यांना हसूच आवरेना. मग ब्रेड खाली ठेवला आणि म्हणाले, "बसवा की याला खुर्चीत."

"डीकन!" मी ओरडले.

"अगं, अलाबामात माझ्या बापानं शेत असंच घेतलं. काळ्याला जमीन कोण विकणार? मग दुकानदार स्टोक्सला पुढे केला. पैसा आमचा, नाव त्याचं. पहिल्याच साली काय कापूस आला म्हणतेस!"

"आणि आता ते शेत कुणाचं आहे?" मी विचारलं.

"शेताची गोष्ट वेगळी, अर्लीन."

"कुणाचं आहे, डीकन?"

"स्टोक्सच्या नातवाचं." त्यांनी ब्रेडचा चुरा बोटानं गोळा केला. "पण त्या साली आम्ही जेवलो. पोटभर जेवलो."

वरून जोनेलचं कण्हणं ऐकू आलं. ती ओरडायची नाही. एकसुरी कण्हत राहायची, गाडीखाली सापडलेल्या कुत्र्यासारखी. व्हर्नेटानं पिशवीचं बूच घट्ट फिरवलं.

"गुरुवारी टाय लावून या, डग."

"व्हर्नेटा, हे खोटं आहे."

"खोटं काय त्यात? त्यांना जे दिसतंय तेच दाखवायचंय."

मी तिचा हात धरला. "दुसरं काहीतरी शोधू."

"काय शोधू? सांग ना. तू सुचव, मी तेच करते."

मी तिचा हात सोडला. ती पिशवी घेऊन वर गेली.

पुढचे दिवस ती डगला पढवत होती. "एवढं अवघडून बसू नका. कुणी उठवणार नाहीये तुम्हाला. आपल्या घरात बसल्यासारखं बसा." डगला घाम फुटायचा, त्या थंडीतसुद्धा.

गुरुवारी मिसेस व्हिटकोम आल्या. व्हर्नेटानं माझा एप्रन बांधला होता. तिला पाहून त्या म्हणाल्या, "अरे, तुम्ही अजून आहात का! छान. जुनी माणसं हवीतच." आणि डगसमोर बसल्या. मी दारात बशा घेऊन उभी. डग बरं बोलत होता, सगळं व्हर्नेटाचं, शब्दन् शब्द. मग त्यांनी तोच प्रश्न काढला, पाच वर्षांनी काय? व्हर्नेटानं त्यालाही लांबलचक उत्तर पाठ करून दिलं होतं. डग ते विसरला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, खाली पाहिलं आणि म्हणाला, "खरं सांगू? माहीत नाही. शिकतोय अजून."

मिसेस व्हिटकोमनी पेन खाली ठेवलं.

"इतकं प्रांजळ बोलणारा माणूस मला कित्येक वर्षांत भेटला नव्हता," त्या म्हणाल्या.

व्हर्नेटा त्यांच्या कपात कॉफी ओतत होती. कप भरला, बशी भरली, कॉफी टेबलावर आली तरी ती ओततच होती. "माफ करा," ती म्हणाली आणि एप्रननं टेबल पुसलं.

पैसे मंजूर झाले. अट एकच, मिस्टर हॅनरटी संचालक राहिले पाहिजेत. डग पांढराफटक पडला. "मी त्यांना खरं सांगून टाकतो."

"सांगा," व्हर्नेटा म्हणाली. "आधी बॉयलर बसू दे."

नाताळाच्या आधी बॉयलर बसला. पहिल्या दिवशी नळ्या ठकठक वाजायला लागल्या तशी जोनेल जिना उतरून खाली आली आणि नळ्यांना पाठ टेकून उभी राहिली. "आई, हा बघ, बोलायला लागला!" किती दिवसांनी ती हसत होती. डगनं व्हर्नेटाला विचारलं, "आता सांगू?"

"मग पुढच्या वर्षी नर्सचा पगार कोण देईल?"

त्यानंतर त्यानं विचारलं नाही. व्हर्नेटाच्या जागी डगला रीतसर संचालक करायचा ठराव आला तेव्हा डीकननी खाली बघूनच हात वर केला. सुरुवातीला डग प्रत्येक गोष्ट तिला विचारून करायचा. नंतर करून सांगायला लागला. वाईट माणूस नव्हता तो, हे मी आजही म्हणेन.

व्हर्नेटा दुसऱ्या वसंतात घर सोडून गेली. अॅक्रनला एका वृद्धाश्रमात नर्स झाली. मी बसनं भेटायला जायचे, रताळी भाजून न्यायचे. घराचं नाव तिनं कधी काढलं नाही. फक्त विचारायची, "गरम आहे ना सगळं?" २००४ साली ती वारली.

डीकन गेदर मरणाच्या आदल्या वर्षी मुलाला घेऊन अलाबामाला गेले. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून त्यांनी ते शेत काचेतूनच पाहिलं, उतरले नाहीत. मिसेस व्हिटकोम फ्लोरिडाला राहायला गेल्या, पुढचं मला ठाऊक नाही. डग म्हातारा होईपर्यंत संचालक राहिला. निरोपाच्या जेवणात उभा राहून म्हणाला, "हे घर व्हर्नेटा टॉलिव्हरचं आहे. मी फक्त गाडी चालवायला आलो होतो." टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, "किती विनम्र!" तोही आता नाही.

माझी जोनेल चौतीस वर्षांची होऊन गेली. वरच्या मजल्यावर, जानेवारीत. खोली गरम होती. नळीला हात लावून पाहिला होता मी.

डगनंतर आणखी काही जण आले, सगळे बाहेरचे, सगळे गोरे. गेल्या वर्षी निधीनं हात आखडता घेतला, शेवटचा संचालक सोडून गेला, आणि मग संस्थेला आमच्यातली एक आठवली. डेव्होना प्रूइटला संचालक केलं, गुणी पोर आहे. परवा तिचा फोन आला.

"मिस अर्लीन, बॉयलर बंद पडलाय. पूर्वी कोण बघायचं हो?"

मी नाव सांगितलं. तो माणूस वारल्याचं तिनं सांगितलं.

"वर कोण आहे गं?" मी विचारलं.

"चौघं आहेत," ती म्हणाली.