खोटा ठिपका मी देणार नाही

मित्रांनो, मी एक जुनी ठिपकेवाली आहे. तुमच्या पुस्तकात मला विकर, म्हणजे एन्झाइम, म्हणतात. कुरुळीत राहणाऱ्या ईराच्या यकृतात, एका पेशीत, मी काम करते. ईरा अवघी एकवीस दिवसांची, मग मी जुनी कशी? घराणं जुनं आहे माझं! माणूस नव्हता तेव्हाही आम्ही हेच काम करत होतो.

काम सांगते. ईराचे बाबा नवनाथ चाकणच्या एका कंपनीत तपासणीला आहेत. नापास भागावर ते लाल ठिपका देतात आणि तो भाग भंगारात जातो. मीही तेच करते. पेशीत एक प्रथिन सतत तयार होत असतं. 'प्राणवायू कमी पडला, रक्त वाढवा!' अशी हाकाटी करणं हे त्याचं काम. सगळं ठीक असताना हाकाटी कशाला? म्हणून मी त्याच्यावर ठिपका देते आणि पेशी त्याला मोडीत काढते. माझा ठिपका म्हणजे 'सगळं ठीक आहे' याची खूण. माझा रंग दुकानात मिळत नाही. तो रंग म्हणजेच प्राणवायू. माझ्या पोटातल्या लोखंडाच्या एका अणूवर तो धरायचा आणि प्रथिनावर टेकवायचा. रंग नाही तर ठिपका नाही. मग ते प्रथिन सुटतं आणि हाकाटी सुरू होते.

ईरा आईच्या पोटात होती तेव्हा रंग बेताचाच मिळे. मी ठिपके कमी दिले, म्हणून तिच्या रक्तात तांबड्या पेशी भरपूर झाल्या. ती जन्मली, रडली, आणि रंगाची चंगळ झाली. कौतुक झालं ते तिच्या आवाजाचं. माझं नाव कुणी घेतलं नाही. न घेवोत.

मग तो मंगळवार आला. ईराची आजी, नवनाथांची आई सरूबाई बाळंतपणासाठी बीडकडून आली होती. अंघोळ झाली की निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा आणि बाळाला धुरी. वारा लागू नये म्हणून तिने सरकती खिडकी लावली, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला. निखाऱ्यांतून निघालेला विषारी वायू रक्तातली प्राणवायूची जागा अडवू लागला. माझा रंग आटला. प्रथिनं एकामागून एक बिनठिपक्याची पुढे गेली.

पण मित्रांनो, रक्त वाढायला दिवस लागतात. ईराकडे दिवस नव्हते. आणि पेशीतली हाकाटी खोलीतल्या माणसांना ऐकू जात नाही.

ईराची आई योगिनी मात्र लेकीवरची नजर हलवत नसे. झोपेतसुद्धा तिचे श्वास मोजायची.

"आत्याबाई, ही दूध का ओढत नाहीये? खिडकी उघडते."

"अगं, वारं लागंल! माझी चार लेकरं ह्याच धुरीवर वाढली. तुला तर लेकरू शिंकलं तरी दवाखाना दिसतो."

"माझं डोकं ठणकतंय. तुमचं?"

सरूबाईने कपाळावरचा हात हळूच खाली घेतला. "जड झालंय जरा."

"दोघींचं एकदम? आणि ही रडतसुद्धा नाही! चला बाहेर. रागवा मला नंतर."

योगिनीने टॉवेल पायाने उडवला, एका हाताने ईराला उचललं, दुसऱ्याने सासूला ओढलं. शेजाऱ्याच्या रिक्षातून तिघी दवाखान्यात पोचल्या. ईराच्या तोंडावर इवलासा मास्क बसला. कितीतरी वेळाने मला रंग मिळाला. मी पहिला ठिपका दिला, दुसरा दिला, आणि ईराने असा काही टाहो फोडला की कंपनीतून धावत आलेले नवनाथ दारातच रडू लागले.

सरूबाई कोपऱ्यात बसून होती. "गावाकडं कौलं होती गं. धूर आपसूक जायचा. हितं वर स्लॅब हाय, ध्यानातच आलं न्हाई."

"ओव्याची पुरचुंडी करू, आत्याबाई. निखारे मात्र आता खोलीत नाहीत."

"अन् वारं लागलं तर?"

"लागू दे वारं."

मित्रांनो, कुणी म्हणेल, ऐन वेळी ठिपकेवालीने हात आखडला. हो, आखडला! प्राणवायू नसताना 'सगळं ठीक आहे' असा खोटा ठिपका मी देणार नाही. कुणी धमकावलं तरी नाही, कुणी चार लेकरांचा दाखला दिला तरी नाही. तुम्हीही देऊ नका. बंद खोलीत शेगडी दिसली, तर मोठ्यांची बोलणी खा, पण आधी दार उघडा.