डाव्या खणातला तारखेचा शिक्का

मी एक जुना तारखेचा शिक्का आहे. माझी लाकडी मूठ झिजून गुळगुळीत झाली, पण जिवाला स्वस्थता कशी ती नाही. मित्रांनो, ज्याच्या पोटातल्या रबरी पट्ट्या रोज सकाळी फिरवल्या जातात, तो स्वस्थ बसणार तरी कसा?

एका शिक्केवाल्याने मला घडवलं आणि मी शर्टांच्या कारखान्यात, कागद स्वीकारण्याच्या टेबलावर आलो. तिथे आलेला कागद नोंदवून घेणाऱ्या आवकबाई मोठ्या शिस्तीच्या. कामगाराचा अर्ज आला की दोन ठसे मारायच्या, एक कार्यालयाच्या प्रतीवर आणि एक कामगाराकडे राहणाऱ्या प्रतीवर. ठसा मारलेल्या या दुसऱ्या प्रतीलाच पोच म्हणतात. "ठसा कसा ठसठशीत उठतो बघा!" असं त्या इतक्या कौतुकाने म्हणायच्या, की मला मूठभर मांस चढायचं.

एकदा शर्टांना काजं करणारी बाई अर्ज घेऊन आली. पोटाचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांची चिठ्ठी जोडून तिने तीन आठवड्यांची रजा मागितली होती. तेवढ्यात मॅनेजर बाहेर आले.

"ऐन ऑर्डरीच्या वेळी कसली रजा? शिक्का मारू नका. अर्ज आलाच नाही, असं धरायचं."

माझा जीव टांगणीला लागला. पोच नसली तर काजवाली न सांगता गैरहजर ठरणार आणि तिची नोकरी जाणार. आवकबाईंचा हात माझ्या मुठीवर आला, उठला, पुन्हा आला. मला ओरडावंसं वाटलं, अहो, मारा की!

"साहेब," त्या हळूच म्हणाल्या, "रजा द्यायची की नाही ते तुम्ही लिहा. पण कागद माझ्या हातात आलाय. आला नाही, असं कसं म्हणू?"

धाड, धाड. दोन ठसे उठले.

ऑपरेशन होऊन काजवाली परतली, तर न सांगता गैरहजर राहिली म्हणून तिला फाटकावरच अडवलं. ती पोच घेऊन तडक सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे गेली. त्यांनी माझी तारीख पाहिली, चिठ्ठी वाचली आणि तिला कामावर परत घ्यायला लावलं. आवकबाईंची मात्र गोदामात उचलबांगडी झाली. नव्या कारकुनाने मला काजवालीच्या देखतच डाव्या खणात कोंबलं. माझी तारीख तिथेच अडकली आणि मी आतल्या आत कुढत राहिलो.

काल इस्त्रीवाला आला. भाजलेल्या हाताला पट्टी, दुसऱ्या हातात आजारपणाच्या रजेचा अर्ज.

"ठेवून जा," कारकून म्हणाला. "शिक्का सापडत नाहीये."

खणात मी नुसता तडफडत होतो. इस्त्रीवाला अर्ज ठेवून वळलासुद्धा. तेवढ्यात ओळखीचा आवाज आला.

"डाव्या खणात बघा," त्याच्यासोबत आलेली काजवाली म्हणाली. "आम्ही थांबतो."

मित्रांनो, मला तोंड नाही, तुम्हाला आहे. म्हणून विनवतो, पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका, आणि आजारी माणसाला तिथे एकटं पाठवू नका.

खण उघडला. कारकून माझ्या चिकटलेल्या पट्ट्या फिरवू लागला. एकेक महिना कुरकुरत सरकला. काजवालीने मान वाकवून पाहिलं.

"आजची लावा हं."