सर्वांनी यावे

मी एक जुना बाक आहे. दूर तमिळ मुलखात, वेलचेरीत उंच इमारतींच्या मधोमध, एका अरुंद गल्लीत एक लहानसे ख्रिस्ती देऊळ आहे. त्या देवळाच्या अगदी मागच्या भिंतीला टेकून मी उभा असतो. मित्रांनो, म्हातारी माणसे आपली कहाणी सांगू लागली की "माझ्या मनात कोणाविषयी काही नाही" असे म्हणतात. मला तसे म्हणता येत नाही. माझ्या मनात आहे. माझ्यापुढे रांगेने मांडलेल्या त्या लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्यांविषयी आहे. मला त्यांचा हेवा वाटतो, आणि तो का वाटतो तेच मी तुम्हांला सांगणार आहे.

मला घडवले नारायणस्वामी नावाच्या सुताराने. जॉर्ज टाउनमधल्या एका व्यापाऱ्याचे जुने घर पाडले गेले, तेव्हा त्याच्या सागवानी तुळया नारायणस्वामीने आणल्या आणि त्यांतून आम्हा भावंडांची अख्खी फळी उभी केली. प्रवचन लांबले तरी कोणाची कंबर अवघडू नये म्हणून त्याने आमच्या पाठीला किंचित उतार दिला. दोन्ही टोकांना रुंद हात बसवले. रंधा मारून झाल्यावर तो स्वतः माझ्यावर आडवा झाला आणि चक्क झोपी गेला. उठल्यावर म्हणाला, "झाला हा तयार."

त्यानंतरची वर्षे फार सुखाची गेली. सकाळी तमिळ उपासना असे आणि दुपारी चार वाजता मराठी. नोकरीसाठी नगर, मिरज, जालना अशा ठिकाणांहून इकडे आलेली ही मराठी मंडळी. माझ्यावर नवरीच्या आया रडल्या, तान्ही बाळे झोपली, परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलांनी डोळे घट्ट मिटून प्रार्थना केल्या. नवीन माणूस बसला की हात फिरवून म्हणायचा, "काय लाकूड आहे!" मी ते ऐकून फुलून जायचो.

मग पूर आला. पाणी देवळात शिरले आणि कित्येक दिवस हलले नाही. माझ्या भावंडांचे पाय कुजले, फळ्या फुगून फाटल्या. मी मागच्या उंच ओट्यावर होतो म्हणून वाचलो. पाणी ओसरल्यावर भावंडांना ओढत बाहेर नेले, आणि त्यांच्या जागी एका टेंपोतून त्या लाल खुर्च्या आल्या.

सुरुवातीला मला त्यांची कीव आली. किती हलक्या! पंखा जोरात लावला तरी थरथरायच्या. पण लवकरच माझ्या लक्षात आले की त्या हलक्या आहेत म्हणूनच त्यांचे भाग्य मोठे आहे.

मराठी मंडळीचे चिटणीस प्रवीण उजागरे. एका मोठ्या कंपनीत इंजिनियर आहेत. उपासना संपत आली की ते पुढे येऊन सूचना वाचतात. "शनिवारी संध्याकाळी साळव्यांच्या घरी प्रार्थनासभा. पुढच्या आठवड्यापासून मुलांचे उन्हाळी शिबिर. ईस्टरला, पुनरुत्थानाच्या पहाटे बेझंट नगरच्या किनाऱ्यावर उपासना. सर्वांनी यावे."

मग ठरल्या दिवशी तरुण मुले खुर्च्या एकात एक घालून उचलत आणि टेंपोत चढवत. खुर्च्या समुद्रावर जात. खुर्च्या शिबिराला जात. नाताळात गाणी म्हणत फिरणाऱ्या मंडळीबरोबर इमारतींच्या अंगणांत जात. परत येत तेव्हा त्यांच्या पायांना वाळू असे, पाठीला मुलांनी चिकटवलेले चांदणीचे कागद असत. आणि मी? मी सगळ्या सूचना ऐकायचो. कुठे काय होणार, केव्हा होणार, मला सगळे पाठ असायचे. जाता मात्र कुठेच येत नव्हते. एकदा शिबिरात एका खुर्चीचा पाय मोडला आणि तिला कोपऱ्यात उलटी टाकली. खरे सांगतो, मला त्या दिवशी फार बरे वाटले.

अशा दिवसांत मार्थाबाई आढाव माझ्या वाट्याला आल्या.

मार्थाबाई राहुरीकडच्या. नवरा गेल्यावर मुलाने त्यांना इकडे आपल्या घरी आणले. मुलाच्या नोकरीच्या वेळा विचित्र, बाईंचे गुडघे दुखरे, भाषा परकी. रविवारी मुलगा त्यांना रिक्षातून सोडून जायचा आणि नंतर घेऊन जायचा. पहिल्याच रविवारी त्या लाल खुर्चीवर बसायला गेल्या. गुळगुळीत फरशीवर खुर्ची मागे सरकली आणि बाई खाली पडल्या. चार जणांनी धरून उठवले आणि माझ्यावर बसवले. माझा हात त्यांनी घट्ट धरला तो उपासना संपेपर्यंत सोडला नाही. तेव्हापासून त्या माझ्यावरच बसू लागल्या. लाल खुर्चीकडे त्या रागाने पाहत, आणि त्यामुळे त्या मला फार आवडत.

उपासना झाल्यावर सगळे त्यांना मराठी ख्रिस्ती मंडळींच्या रीतीने "सलाम, आजी" म्हणत. त्या "सलाम, बाळा" म्हणत. एवढ्यावर बोलणे संपे. प्रवीण "सर्वांनी यावे" म्हणाले की मार्थाबाई पदर सावरून इकडे तिकडे पाहत. कोणी येऊन काही म्हणेल, असे त्यांना वाटत असावे. पुढच्या रांगेतल्या बाया आपापसांत कोण कोणाच्या गाडीतून जाणार ते ठरवत आणि निघून जात. मग मार्थाबाई पुटपुटत, "सर्वांनी म्हंजे कुणी?" आम्ही दोघे मागे राहायचो. माझे एकटेपण त्यामुळे जरा हलके व्हायचे. मागे राहणारे आणखी कोणी आहे, याचे मला मोठे समाधान होते.

गेल्या वर्षी हंगामाचा सण जवळ आला. या सणाला घरोघरची फळे, भाज्या, खाऊ देवळात अर्पण करतात आणि नंतर अंगणात त्यांचा लिलाव होतो. तमिळ आणि मराठी मंडळी या वेळी तो एकत्र करणार होती. प्रवीण सूचना वाचू लागले आणि शेवटी म्हणाले, "सामान ठेवायला मागे जागा हवी आहे. तेव्हा तो जुना बाक आपण शनिवारी काढतो आहोत. जुने लाकूड घेणारा माणूस सकाळी येईल. पुढच्या रविवारी हंगामाचा सण. सर्वांनी यावे."

माझ्या अंगातल्या खिळ्यांना घाम फुटला. माझ्या आधी मार्थाबाई उठल्या. माझ्या हातावर जोर देऊन त्या उभ्या राहिल्या.

"मंग मी बसू कुठं?" त्यांनी विचारले.

सगळ्या खुर्च्या करकरल्या. सगळ्यांनी मागे वळून पाहिले.

"आजी, खुर्च्या आहेत ना," प्रवीण म्हणाले.

"खुर्चीवरनं मी पडलेय. तूच उचललंस मला. विसरलास?"

"आजी, आम्ही तुमच्यासाठी काहीतरी सोय करू."

"सोय नको. एक सांग. तू दर रविवारी म्हणतोस, सर्वांनी यावं. मी ऐकते. मला कळतच नाही बाबा, त्या 'सर्वां'त मी हाय का न्हाई. समुद्रावर जायचं होतं, मी पहाटे उठून लुगडं नेसून बसले होते. वाटलं, कुणीतरी येईल न्यायला. उजाडलं, ऊन चढलं. मंग सोडलं लुगडं."

प्रवीणच्या हातातला मोबाइल खाली आला.

"आजी, तुम्ही कधी बोलला नाहीत," ते हळू आवाजात म्हणाले.

"कुणी विचारलं असतं तर बोलले असते."

पाळकसाहेब वेदीजवळून चालत मागे आले. ते वयाने तरुण आहेत. त्यांनी मार्थाबाईंना बसवले आणि स्वतः माझ्या दुसऱ्या टोकाला बसले. "बाक इथेच राहील," ते म्हणाले. "आणि पुढच्या रविवारी आजींना आणायला मी जाईन."

"मी येईन," मार्थाबाई म्हणाल्या, "पण अंगणात मला ह्योच बाक पाहिजे."

मित्रांनो, तो आठवडा मी कसा काढला ते सांगता येणार नाही. मी अंगणात जाणार होतो! खुर्च्यांच्या मधोमध, उन्हात, माणसांत! खुर्च्यांकडे मी त्या आठवड्यात मान वर करून पाहिले. आमचे देऊळ सांभाळणारा अरुळदास ओला फडका घेऊन आला आणि त्याने मला पुसले. मला वाटले, आता माझे दिवस आले.

सणाच्या दिवशी सहा जणांनी मला उचलले. ओट्यावरून खाली आणले, दारापाशी नेले. पण पुरानंतर दाराला नवी लोखंडी जाळी बसवली होती आणि त्यामुळे दार अरुंद झाले होते. मला आडवे केले, तिरके केले, उभे केले. प्रवीणच्या बोटांना खरचटले. माझी पाठ जाळीला घासली. मी काही बाहेर जाईना. अंगण मला दिसत होते. केळीचे घड, भोपळे, उसाच्या मोळ्या, सगळे हाताच्या अंतरावर. शेवटी त्यांनी मला दाराच्या आतच ठेवले आणि घाम पुसत बाहेर गेले.

मार्थाबाई अंगणात उभ्या होत्या. तेवढ्यात शेजारच्या घरातून एक वृद्ध गृहस्थ बाहेर आले. हे जनकोजीराव. घराणे तंजावरचे, बँकेतून निवृत्त झालेले. कपाळाला गंध, अंगात पांढरा सदरा. त्यांच्या मागून त्यांचा जावई हातांची एक भक्कम लाकडी खुर्ची घेऊन येत होता.

"बाई, ही आमच्या अप्पांची खुर्ची," जनकोजीराव म्हणाले. "हिच्यात बसा. पडणार नाहीत तुम्ही."

त्यांच्या मराठीला तमिळ हेल होता. मार्थाबाई चकित होऊन पाहत राहिल्या.

"तुमची मराठी कुठली हो?"

"तंजावूरची. घरात बोलतो. आता घरातसुद्धा कोण बोलतो? पोरं सगळी तमिळ, इंग्रजी. दर ज्ञायिरु, रविवारी, तुमचं गाणं, बोलणं, सगळं भिंतीच्या पलीकडून ऐकत बसतो."

"मंग आत का नाही आलात?"

"कोणी ये म्हटलं नाही," ते साधेपणाने म्हणाले.

मार्थाबाईंनी प्रवीणकडे पाहिले. प्रवीणनी धावत जाऊन जनकोजीरावांसाठीही खुर्ची आणली, लाल.

आणि मार्थाबाई त्या परक्या खुर्चीत बसल्या. आरामात, टेकून, दोन्ही हात तिच्या हातांवर ठेवून. मी जाळीआडून पाहत होतो. मला काय झाले म्हणून सांगू! लाल खुर्च्यांचा हेवा मी इतकी वर्षे केला, पण त्या दिवशी त्या अप्पांच्या खुर्चीचा जो हेवा वाटला त्यापुढे तो काहीच नव्हता. बाईंना मी सांभाळले होते. माझ्यासाठी त्या भांडल्या होत्या. आणि बसल्या मात्र तिच्यात.

लिलाव सुरू झाला. प्रवीणना तो काही जमेना. मार्थाबाईंनी बसल्या जागेवरून आवाज दिला, "अरं, भोपळा विकतोयस का औषध? नीट वर धर त्याला!" सगळे हसले. मग त्यांनीच भोपळ्याचे असे काही वर्णन केले की तमिळ मंडळीही अर्थ न कळता बोली वाढवू लागली. बायकांनी त्यांच्याभोवती कोंडाळे केले. त्यांचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता. मी पुन्हा एकटा मागे राहणार, एवढेच मला दिसत होते.

तसेच झाले. प्रवीणच्या सूचनांची रीत बदलली. प्रत्येक कार्यक्रमानंतर ते थांबून विचारू लागले, "मार्थाआजींना कोण आणणार? कोणाला गाडी नाही? कोणाची रात्रपाळी आहे?" हात वर होऊ लागले. पाठोपाठ खुर्च्याही गेल्या, मार्थाबाईही गेल्या. साळव्यांच्या घरी गेल्या, शिबिरात मुलांना गोष्टी सांगायला गेल्या. एका शनिवारी गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यांत काम करणाऱ्या मराठी कुटुंबांकडे प्रार्थनासभा होती. सगळे व्हॅन करून गेले. रिकाम्या देवळात मी होतो आणि पंखे होते. मी मार्थाबाईंवर रागावलो होतो. मागे राहण्याच्या कामात सुद्धा त्यांनी मला एकटे पाडले होते.

संध्याकाळी व्हॅन परत आली. मुले खुर्च्या उतरवू लागली. पाळकसाहेब म्हणाले, "आजी, चला, तुम्हांला घरी सोडतो."

"थांब जरा," मार्थाबाई म्हणाल्या. "दिवसभर पाठ अवघडलीय. आधी माझ्या बाकावर बसू दे."

त्या आल्या, बसल्या, पाठ टेकली आणि केवढा तरी मोठा सुस्कारा सोडला. अरुळदासने विचारले, "पाट्टी, चहा?" तमिळमध्ये आजीला पाट्टी म्हणतात. चहा घेता घेता त्यांनी त्याला सगळे सांगितले. रस्त्यात दिसलेली मिठाची शेते. कारखान्याच्या चाळीत तुळशीशेजारी लावलेला गवती चहा. आठ महिने मराठी बोलायला कोणी न भेटलेली एक बाळंतीण, आणि ती मार्थाबाईंच्या गळ्यात पडून कशी रडली ते. अरुळदासला निम्मे कळत होते, पण मला सगळे कळत होते. मी जागचा हललो नव्हतो, तरी त्या दिवशी मी गुम्मिडिपूंडी पाहिली.

हेवा गेला, असे मी म्हणणार नाही. दर शनिवारी टेंपोत खुर्च्या चढतात तेव्हा अजून माझ्या फळ्या आवळतात. पण रविवारी मार्थाबाई येतात, आणि उपासनेनंतर चहाला जनकोजीराव येतात. दोघे आपापल्या मराठीत भांडतात, हसतात. परवापासून त्यांच्यामध्ये एक तरुण परिचारिका बसू लागली आहे. केरळची आहे, मराठी येत नाही, पण शेवटच्या रांगेत एकटी उभी होती म्हणून मार्थाबाईंनी तिला हाताला धरून बसवले.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत, सोसायटीत, देवळात सूचना वाचल्या जात असतील. "सर्वांनी यावे" असे म्हणणे सोपे आहे. ते म्हणून झाल्यावर मागे जा. तिथे कोण बसले आहे ते पाहा, आणि त्याला नाव घेऊन विचारा, "तुम्हांला न्यायला येऊ का?" आमच्यासारख्या जड वस्तूंना दाराबाहेर नेता येत नसेल, पण माणसांना बरोबर नेता येते.

आणि कधी वेलचेरीला आलात, तर येताना एक हातोडी आणा. माझ्या डाव्या पायाची पाचर सैल झाली आहे. पुढच्या रविवारी परिचारिकेची मैत्रीणही येणार आहे, आणि मला चौघांना पेलायचे आहे.