दोघांच्या लेनमधलं दुसरं माणूस

नॅडीन प्रुइटच्या दोन्ही मुलांचं आईवर फार प्रेम होतं. सोमवार ते शुक्रवार, सकाळी सहा ते नऊ आणि दुपारी तीन ते सात.

या वेळा तिच्या जरा उशिरानं लक्षात आल्या. नवरा गेल्यावर तिनं अमरिलोजवळचं घर विकायला काढलं, तेव्हा ह्यूस्टनचा थोरला क्लेटन आणि फीनिक्सचा धाकटा ब्रेंट तिच्यासाठी चक्क भांडले होते. शेजाऱ्यांनी आणून दिलेल्या सात कॅसरोलांच्या साक्षीनं, स्वयंपाकघरात. "आई माझ्याकडे राहील." "का, तुलाच काय सोनं लागलंय?" नॅडीन दाराआड उभी राहून ऐकत होती, आणि दिवस दुःखाचा असूनही तिला आतून बरं वाटत होतं.

शेवटी सहा-सहा महिने ठरले. ह्यूस्टनला उन्हाळ्यात वादळं येतात, पूर येतो, म्हणून उन्हाळाभर फीनिक्स. फीनिक्सला उन्हाळ्यात पारा एकशेपंधरा फॅरनहाइटवर जातो, हा मुद्दा बैठकीत कुणी काढला नाही.

नॅडीननं सामान कमी केलं. शिवणयंत्र मात्र ठेवलं. ते खोक्यात घालून चिकटपट्टीचे चार वेढे मारले आणि मनाशी ठरवलं, जिथं कायमचं राहायचं ठरेल तिथंच हे खोकं उघडायचं.

फीनिक्सला पहिल्याच सोमवारी पहाटे साडेपाचला ब्रेंटनं दार वाजवलं.

"आई, ऊठ. माझं ऑफिस बघायला चल."

"आत्ता?"

"मग? नंतर ऊन होतं."

मंगळवारीही त्यानं ऑफिस दाखवलं. बुधवारीही. मुलाला आपल्या कामाचा एवढा अभिमान आहे हे बघून नॅडीनचा ऊर भरून येत होता. ऑफिसात तो तिला कधी नेत नसे, खालूनच दाखवत असे, आणि मग मॉलच्या दारात सोडत असे.

चौथ्या आठवड्यात तिला ताप भरला. ब्रेंटनं तिला हाताला धरून गाडीत बसवलं, सीट मागं पाडली, अंगावर पांघरूण घातलं. मग जरा विचार करून पांघरूण हनुवटीपर्यंत खाली ओढलं आणि सीट पुन्हा सरळ केली.

"डोकं दिसू दे गं. पोलिसाला डोकं दिसायला हवं."

"कुठल्या पोलिसाला?"

तेव्हा ब्रेंटनं तिला डावीकडची लेन समजावून सांगितली. गर्दीच्या वेळात त्या लेनमध्ये एकट्या माणसानं जायचं नाही. गाडीत दोन माणसं हवीत. दुसरं माणूस काय करतं, कुठं चाललंय, त्याला ताप आहे का, हे कुणी विचारत नाही. ते असलं की झालं.

"रोज चाळीस मिनिटं वाचतात, आई," ब्रेंट म्हणाला. त्याचा आवाज खरंच भरून आला होता.

ऑक्टोबरात ती ह्यूस्टनला गेली. क्लेटननं विमानतळावर मिठी मारली, खोकं उचललं, आणि म्हणाला, "उद्या सकाळी माझं ऑफिस बघायला येशील?"

दोन वर्षं अशी गेली. या दोन वर्षांत नॅडीननं दोन्ही शहरं पुरेपूर पाहिली, दोन्ही चालवणाऱ्याच्या उजवीकडच्या सीटवरून. कुणी विचारलं असतं तर तिनं तपशीलवार सांगितलं असतं. फीनिक्सचे रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ. ब्रेंट पश्चिमेला राहतो आणि पूर्वेला कामाला जातो, त्यामुळे सकाळी सूर्य डोळ्यांत आणि संध्याकाळी परत डोळ्यांत. पाठीवर ऊन घ्यायचं भाग्य उलट दिशेच्या लोकांचं. गाडीत ओव्हनचे हातमोजे ठेवतात, कारण दुपारी स्टिअरिंगला हात लावला की सोलून निघतो. सीटबेल्टच्या बकलानं तिचं मनगट दोनदा डागलं होतं. पार्किंगमध्ये लोक दाराजवळची जागा सोडून अर्धा मैल लांबच्या एका काटकुळ्या झाडाखाली गाडी लावतात आणि त्या झाडावरून मारामारी होते.

ह्यूस्टनला ऊन डागत नाही, उकडून काढतं. गाडीतून उतरलं की चष्म्यावर वाफ धरते आणि पाच मिनिटं शहर दिसत नाही. तिच्या मते तो शहराचा चांगला भाग होता. रस्ता सव्वीस लेनचा, आणि सव्वीसच्या सव्वीस उभ्या. पुलाखाली पाणी किती चढलं हे दाखवायला फुटांचे आकडे रंगवलेले खांब आहेत. क्लेटन ते घड्याळासारखे वाचत असे. "तीन फूट. म्हणजे उशीर."

दिवसा फीनिक्सला मॉल होता. दुकानं उघडायच्या आधी म्हातारी माणसं तिथं थंड हवेत फेऱ्या मारत, कुठंही न पोचता. ह्यूस्टनला मध्यवस्तीच्या पोटात बोगदे होते. तिथं सँडविच मिळायचं, बूट पॉलिश व्हायचे, नॅडीन दिवसभर खाली चालायची आणि वर आली की सूर्य कुठल्या बाजूला आहे ते कळायचं नाही. तसं बघितलं तर दोन्ही शहरांत ती फार चालली. फक्त घराबाहेर पाऊल टाकून कुठं चालत गेली, असं झालं नाही.

थँक्सगिव्हिंगच्या दिवशी क्लेटनच्या टेबलावर टर्की होती आणि फोनच्या पडद्यावर ब्रेंट होता. नॅडीननं काटा खाली ठेवला.

"मी त्र्याहत्तरची झाले. मला आता ही ये-जा जमत नाही. एकाच जागी राहायचंय. कुठं ते तुम्ही सांगा."

"तूच सांग की," क्लेटन म्हणाला. "तुला कुठलं आवडलं?"

तिनं बराच विचार केला होता. "ह्यूस्टन," ती म्हणाली. "डागत नाही."

ब्रेंटच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते दुःख नव्हतं, हे पडद्यावरही स्पष्ट दिसत होतं.

"वा!" तो म्हणाला. "खरं तर मी सांगणारच होतो. मी विजेवरची गाडी घेतली, आई. तिला खास नंबरपाटी मिळते. त्या लेनमध्ये एकट्यानं गेलं तरी चालतं. म्हणजे तू मोकळी! ह्यूस्टन मस्त आहे. हिरवंगार."

क्लेटननं घसा साफ केला. "हिरवंगार कसलं, शेवाळ आहे ते. आई, फीनिक्सची हवा कोरडी. गुडघ्यांना चांगली."

"तिच्या गुडघ्यांना काय झालंय? तुझ्या वादळात नाही का राहता येत तिला?"

"वादळात पूर येतो!" क्लेटन म्हणाला.

"मग एकशेपंधरा डिग्रीत राहायचं का तिनं?"

"अरे, कोरडी उष्णता आहे, लागत नाही!"

दोन वर्षं ब्रेंट ह्यूस्टनला गटार म्हणत आला होता आणि क्लेटन फीनिक्सला तवा. आता क्लेटन फीनिक्सच्या सूर्यास्ताची वर्णनं करत होता आणि ब्रेंट ह्यूस्टनच्या झाडांची. दोघंही इतकं सुंदर बोलले की नॅडीनला दोन्ही ठिकाणी राहावंसं वाटलं. फक्त राहायचं कुणाकडे, हे त्या वर्णनांत कुठंच येत नव्हतं.

भांडी घासताना क्लेटननं सांगून टाकलं. त्याच्या रस्त्यावर नव्या वर्षापासून त्या लेनला दोन माणसं पुरणार नव्हती. तीन लागणार होती. त्यानं ऑफिसमधले ट्रॅव्हिस आणि हूपर असे दोघं गाठले होते, दोघंही जवळच राहणारे.

"मग मी चौथी," नॅडीन म्हणाली. "मागं बसेन."

"अगं, कामाच्या गोष्टी असतात गाडीत. अवघडतील ते." त्यानं एकच ताट तीनदा पुसलं. "राहा ना तू. बघू काहीतरी. घरच आहे तुझं."

ती राहिली. खोकं कपाटाच्या तळाशी होतं, चिकटपट्टीसकट.

जानेवारीत क्लेटन पावणेसहाला एकटाच निघू लागला. घरात दिवसभर फ्रीज बोलायचा. बाहेर फुटपाथ नव्हता. घरं, हिरवळी, पुन्हा घरं. नॅडीनची नजर अधू, गाडी तिला कधीच चालवता येणार नव्हती. एका सकाळी ती नाल्याच्या कडेकडेनं चालत सुटली आणि दहा मिनिटांनी तिला एक मोठं पार्किंग लागलं. तिथं वीसेक माणसं गाड्या लावून, हातात कॉफी घेऊन शिस्तीत रांगेत उभी होती. एक गाडी आली, काच खाली झाली.

"मध्यवस्ती! एक!"

रांगेतला पहिला माणूस गाडीत बसला आणि गाडी गेली. कुणी कुणाला ओळखत नव्हतं.

"हे काय चाललंय?" नॅडीननं विचारलं.

"त्यांना माणूस कमी पडतं, मॅडम," पुढचा गृहस्थ म्हणाला. "आपल्याला फुकट जायला मिळतं. नियम एवढाच, नंबरानं बसायचं, आणि चालवणारा बोलल्याशिवाय बोलायचं नाही. ओळखीपाळखी नाहीत."

नॅडीन रांगेत उभी राहिली. तिला माहीत असलेलं हे एकच काम होतं.

त्यानंतर ती रोज जाऊ लागली. क्लेटन गेला की पंधरा मिनिटांनी. दंतवैद्यांबरोबर बसली, वकिलांबरोबर बसली. बोगद्यात सँडविच खाल्लं आणि दुपारी परतीच्या रांगेत उभी राहिली. कुणी पांघरूण खाली ओढलं नाही. उतरताना सगळे म्हणायचे, "दिवस चांगला जावो, मॅडम." घरात हे तिला कुणी म्हटलेलं नव्हतं.

फेब्रुवारीत एके दिवशी हूपर आजारी पडला. हे क्लेटनला हूपरच्या दारात जाऊन कळलं. गाडी वळवून तो पार्किंगमध्ये आला, तेव्हा रांगेत पहिला नंबर नॅडीनचा होता.

काच खाली झाली. "मध्यवस्ती! ए—" क्लेटनचा 'एक' अर्धाच राहिला.

"बसा, मॅडम, बसा!" पुढच्या सीटवरून ट्रॅव्हिस म्हणाला. तो मोकळ्या स्वभावाचा, गुलाबी चेहऱ्याचा माणूस होता.

नॅडीन मागं बसली. आरशात तिला क्लेटनचे डोळे दिसले, मग आरसा जरासा वर झाला. गाडी त्या लेनमध्ये शिरली आणि सुरेख पळू लागली.

"काय रे," ट्रॅव्हिस म्हणाला, "तुझी आई काय म्हणते? रमली का फीनिक्सला?"

"हं," क्लेटन म्हणाला.

"छानच आहे म्हणतात. माझी आजी तिकडंच गेली. गेली म्हणजे वारली." त्यानं मान वळवली. "तुम्ही पाहिलंय का फीनिक्स, मॅडम?"

चालवणारा बोलल्याशिवाय बोलायचं नाही, हा नियम. ट्रॅव्हिस चालवत नव्हता. नॅडीननं चालवणाऱ्याच्या मानेकडे पाहिलं. ती लाल झाली होती, केस कापायला आले होते.

"पाहिलंय," तिनं शेवटी सांगितलं. "डागतं."

"पण कोरडं ना!"

"कोरडं," नॅडीन म्हणाली.

अडतीस मिनिटांत पोचले. "वा, काय झटक्यात पोचलो!" ट्रॅव्हिस म्हणाला. क्लेटननं समोर बघतच म्हटलं, "दिवस चांगला जावो, मॅडम."

संध्याकाळी ती दुसऱ्या कुणाच्या गाडीतून पार्किंगला उतरली आणि नाल्याच्या कडेनं घरी आली. क्लेटन स्वयंपाकघरात मॅकरोनी गरम करत होता. त्यानं दोन ताटल्या काढल्या होत्या, हे तिनं पाहिलं.

"आई."

"हं."

"त्यांना मी फीनिक्स सांगितलं, कारण... तू घरात आहेस म्हटल्यावर म्हणाले असते, तिलाच घे की. आणि मग सगळे अवघडले असते."

"मी कुठं काही म्हणाले?"

मायक्रोवेव्ह वाजला. त्यानं मॅकरोनी वाढली, चीज तिच्याकडे जास्त सरकवलं.

"हूपर आठवडाभर येणार नाहीये," तो ताटलीकडे बघत म्हणाला. "उद्याही एक कमी आहे. तू... म्हणजे तिथंच उभी राहशील का? घरून घेतलं तर ट्रॅव्हिस विचारत बसेल."

नॅडीननं घास संपवला. कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं. खोक्याचा एक कोपरा दिसत होता, चिकटपट्टी पिवळी पडायला लागली होती. तिनं उठून दार लावलं.

"रांग असते रे तिथं," ती म्हणाली. "नंबर लागला तर बसेन."