शनिवारचा प्रवेश

चिंचवड स्टेशनापासून दहा मिनिटांवर मुंबईच्या एका शेटजींचा बंगला होता आणि त्याच्या मागच्या अंगाला हवापालटासाठी भाड्यानं द्यायच्या तीन खोल्या. शेटजी वर्षातून एकदा तोंड दाखवायचे. एरवी बंगला, विहीर, आंब्याची चार झाडं आणि त्या तीन खोल्या, सगळ्याचा कारभारी मी, दौलतराव. मुंबईहून बिऱ्हाडं यायची. कुणी आजारातून उठलेली, कुणी नुसतीच कंटाळलेली. अंथरूण, डाळ-तांदूळ त्यांनी आणायचं. चूल, घागर आणि पाटा-वरवंटा आमचा. आपलं आपण रांधून खायचं आणि आठवडाभर मोकळ्या हवेत राहायचं.

फाटकावरची पाटी मी स्वतःच्या हातानं रंगवली होती: ‘प्रवेश फक्त शनिवारी.’ ही अट शेटजींची नव्हे, माझी. पूर्वी लोक मनाला येईल त्या वारी यायचे. एका मंगळवारी दोन बिऱ्हाडं एकाच खोलीच्या दारात उभी राहिली आणि दोन्हीकडच्या बायकांनी मला जे काही सुनावलं, ते मी अजून विसरलेलो नाही. त्या दिवसापासून शनिवार म्हणजे शनिवार. माझी बायको अंबुबाई चिडवायची, “मारुतीच्या खालोखाल शनिवार तुमचाच!” शनिवारी माझा उपास असायचा आणि सकाळी मारुतीला तेल घालणं कधी चुकायचं नाही, म्हणून. मला त्या चिडवण्याचा अभिमान वाटायचा. मूर्ख माणसाला कशाचाही अभिमान वाटतो.

अठ्ठावन्न सालच्या पौषात सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आबाजी गुरव नावाच्या माणसाचं कार्ड आलं. सोमवारी येऊन शुक्रवारी जाईन, भाडं पुऱ्या आठवड्याचं देईन, एक खोली द्यावी. मी उत्तर पाठवलं, प्रवेश शनिवारी. त्याचं दुसरं कार्ड आलं: ‘शनिवारी आम्हांस देव सोडता येत नाही. बाकी कोणताही वार चालेल.’

“द्या की,” अंबुबाई म्हणाली. “थंडीत कुत्रं फिरकत नाही इकडं. तिन्ही खोल्या ओस पडल्यात.”

“आज ह्याला सोमवार दिला की उद्या दुसरा बुधवार मागेल. मग पाटी कशाला रंगवली?”

मी त्या कार्डाला उत्तरच दिलं नाही.

आणि पुढच्याच सोमवारी तो माणूस फाटकात उभा. साठीच्या घरातला, काटकुळा, डोक्याला पांढरं मुंडासं. एका खांद्यावर पिठाची पिशवी, दुसऱ्यावर वळकटी, हातात कडीचं पितळी पातेलं. उत्तर आलं नाही म्हणजे नकार नाही, असं समजून तो रात्रभर प्रवास करून आला होता.

“मी आबाजी. कार्ड धाडलं हुतं.”

“आणि मी शनिवार कळवला होता,” मी म्हणालो.

“व्हय, रावसाहेब. पर मारुतीचं देऊळ हाय आमच्याकडं. पूजा दोघा भावांत वाटलेली. धाकटा ज्योतीराम चार दिस बघतो म्हणाला, म्हणून निघालो. शनवारी गर्दी असती, एकट्याला आवरत न्हाई. शुक्रवारी परतायलाच हवं.”

“मग गावातल्या धर्मशाळेत उतरा. तिथं वाराची अट नाही.”

“तिथं लेकीला बसवू कुठं?” एवढंच तो म्हणाला आणि ओट्यावर टेकला.

तेवढ्यात ती लेक आलीच. शालन तिचं नाव. बापाचा निरोप मिळाल्यावर कासारवाडीहून चालत आली होती, घामाघूम. तिचा नवरा सयाजी पिंपरीच्या एका कंपनीत शिफ्टवर होता, एका खोलीचा संसार, सासू अंथरुणाला खिळलेली. म्हणून चार वर्षांत माहेरचं तोंड बघायला मिळालं नव्हतं. हे तिनं अंबुबाईला सांगितलं, मला नाही. माझ्याकडं तिनं पाहिलंच नाही.

“आबा, घरी चला माझ्या,” ती म्हणाली. “ह्यांनीबी सांगितलंय, घेऊनच ये म्हणून.”

“न्हाई पोरी. तुझं पोर मांडीवर घेतल्याबिगर तुझ्या घरचं पाणी प्यायचो न्हाई. आपल्यात ही रीत हाय.”

“आठ वर्सं झाली, आबा. न्हाईच झालं तर?”

आबाजीनं मुंडासं सारखं केलं. मग अंबुबाईकडं वळून म्हणाला, “हिची आई गेली. आता माहेर म्हंजे मी एकटा. हिला यायला जमत न्हाई, मला तिच्यात जेवाय चालत न्हाई. मग म्हटलं, हितं खोली घ्यावी. चूल माझी, पीठ माझं. दिसातनं एकदा येऊन दोन घास माझ्या हातचं खाऊन गेली असती. चार दिसाचं माहेर.”

अंबुबाई आत गेली आणि मधल्या खोलीची किल्ली घेऊन बाहेर आली. तिनं ती माझ्यापुढं धरली.

त्या क्षणाला मी काय करायला हवं होतं, हे मला कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायची सोय मला ठेवायची नाही. पण कुंपणापाशी शेजारचा माळी उभा राहून ऐकत होता, बायकोनं चारचौघांत किल्ली पुढं केली होती, आणि तोंडातून एकदा गेलेला नकार मागं घ्यायची मला सवय नव्हती.

“नियम सगळ्यांना सारखा,” मी म्हणालो. “शनिवारी या.”

शालनचा चेहरा उतरला. आबाजी मात्र रागावला नाही. “बरं, रावसाहेब. नियम आमच्या देवालाबी हायेत,” म्हणाला. त्यानं पिशवीतली वाटेसाठी आणलेली भाकरी काढली, अर्धी लेकीला दिली. तिनं डब्यातून वांग्याचं कालवण आणलं होतं. त्याला त्यानं बोट लावलं नाही. ती रडत रडत कोरडी भाकरी खात होती आणि तो तिच्या पाठीवरून हात फिरवत होता. पाणी अंबुबाईनं दिलं. दुपारच्या गाडीनं तो परत गेला. पिठाची पिशवी आली तशीच खांद्यावर होती.

अंबुबाईनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं मधल्या खोलीची किल्ली परत खिळ्याला अडकवली.

त्या शनिवारी मी नेहमीप्रमाणे मारुतीला गेलो. ही रांग लागलेली. आमच्या देवळातल्या गुरवानं माझ्या हातातली वाटी घेतली, तेल ओतलं, वाटी परत दिली. त्याच्या कोपरापर्यंत तेल ओघळत होतं. वीस वर्षं मी हे बघत होतो. शनिवारी तेल घालणारा मोकळा असतो, घेणारा नसतो, हे माझ्या टाळक्यात कधी आलं नाही. मला तिथं उभं राहवेना. प्रदक्षिणा न घालताच मी घरी आलो, ब्रश घेतला आणि पाटीवर चुना फासला.

आबाजीला कार्ड लिहिलं: कोणत्याही वारी यावे, खोली आपलीच समजावी, माझे चुकले. ‘माझे चुकले’ लिहायला मला दोन दिवस लागले होते.

महिन्याभरानं उत्तर आलं. राग नव्हता. लिहिलं होतं, ‘ज्योतीराम मुंबईस गिरणीत लागला. बायकामुले नेली. आता पूजा मजकडेच आहे. पूर्वी शनिवार तेवढा सुटत नव्हता, आता कोणताच वार सुटत नाही. शालन भेटल्यास खुशाली सांगावी.’

सांगायचं तर मला तिच्यासमोर उभं राहावं लागणार होतं. मी टाळत राहिलो. शेवटी शिमग्याच्या सुमारास तीच आली, सोमवारी. सासू शेजारणीवर सोपवून, आबाची काही खबर आहे का विचारायला तासाभरासाठी आली होती. मी कार्ड तिच्या हातात दिलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मलाच वाचून दाखवावं लागलं. ‘कोणताच वार सुटत नाही’ ही ओळ मी दोनदा वाचली.

तिनं कार्ड मागून घेतलं आणि कमरेला खोचलं. मग म्हणाली, “काकू, ती खोली बघू का जरा?”

अंबुबाईनं कुलूप काढून दिलं. शालन आत गेली. चुलीपाशी बसली, भिंतीशी सरकून एक जागा हातानं झाडली आणि तिच्याकडं बघत राहिली. “आबा हितं बसलं असतं,” म्हणाली.

मी दारातच थांबलो. आत जायचं धाडस झालं नाही.

त्या आठवड्यातही तिन्ही खोल्या रिकाम्याच होत्या.